ट्रेलर विकत घ्यावा की भाड्याने आणावा?

वाचकाचे पत्र

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को येथे राहतो. मुले अकरा आणि सात वर्षांची आहेत. गेल्या वर्षी मित्रांच्या ट्रेलरमध्ये दोन रात्री राहिलो, तेव्हापासून घरात ट्रॅव्हल ट्रेलरचाच, म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराचाच, विषय आहे. एका डीलरने आम्हाला २६ फुटी, मुलांसाठी वर-खाली बंक असलेला नवा ट्रेलर ३२,००० डॉलरला दाखवला आहे. दहा टक्के आधी भरायचे आणि उरलेल्याचे साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षे हप्ते, म्हणजे महिन्याला २८५ डॉलरच्या आत. आमच्याकडे ऑल-व्हील ड्राइव्ह होंडा पायलट आहे आणि डीलर म्हणतो की ट्रेलर ‘हलका’ आहे, पायलट सहज ओढेल. आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात ठेवता येत नाही. माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की भाडे म्हणजे पैसे पाण्यात; आपली वस्तू झाली की कधीही निघता येईल, व्याजावर कर वाचेल आणि आपण वापरत नसू तेव्हा दुसऱ्यांना भाड्याने देऊन हप्ता निघेल. पुढच्या एप्रिलमध्ये सासू-सासरे पुण्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत, त्यांनाही फिरवायचे आहे. आम्ही दोघे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत आणि घराचे कर्जही आहे. माझे मन होत नाही, पण नेमके कारण सांगता येत नाही. काय करावे?

— एक वाचक, फ्रिस्को

उत्तर

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते. हा ट्रेलर घेऊ नका. पुढचे वर्षभर भाड्याच्या ट्रेलरने फिरा आणि त्यानंतरही हौस टिकली, तर वापरलेला, लहान, तुमच्या गाडीला झेपेल असा ट्रेलर रोखीने घ्या. तुमचे मन जिथे अडते आहे, तिथे अडण्यासारखे खरोखरच पुष्कळ आहे. त्यात पैशाचा भाग मोठा असला, तरी सुरुवात गाडीपासून करते, कारण तो प्रश्न थेट मुलाबाळांच्या सुरक्षिततेचा आहे.

डीलर ज्याला ‘हलका’ म्हणतो ते रिकाम्या ट्रेलरचे, कारखान्यातून निघतानाचे वजन असते. त्यात पाणी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या, मुलांच्या सायकली यांपैकी काहीही धरलेले नसते, आणि बॅटरीसारखी डीलरने नंतर बसवलेली वस्तूही बहुधा नसते. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते. म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरून निघालात तर तेवढ्यानेच ३३० पौंडांची भर पडली. म्हणून पाहायचा आकडा तो नव्हे. ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात एक पाटी चिकटवलेली असते आणि तिच्यावर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचे जास्तीत जास्त परवानगी असलेले वजन, छापलेले असते. २६ फुटी बंकवाल्या ट्रेलरमध्ये हा आकडा सहसा ६,००० पौंडांच्या पुढेच जातो. ऑल-व्हील ड्राइव्ह पायलटची ओढण्याची कमाल मर्यादा ५,००० पौंड आहे. म्हणजे पुढचे काही बोलण्याआधीच तो ट्रेलर तुमच्या गाडीच्या हिशेबात बसत नाही.

दुसरा आकडा याहून कमी लोक पाहतात. चालकाचे दार उघडले की चौकटीवर पांढरे-पिवळे स्टिकर दिसते आणि त्यावर लिहिलेले असते, की माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त भार गाडीत असू नये. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे तुमच्या गाडीच्या मागच्या टोकावर, येतो आणि तोही याच मर्यादेतून वजा होतो. भरलेला ट्रेलर ५,५०० पौंडांचा धरला आणि १२ टक्के मोजले तरी ६६० पौंड झाले. त्यात तुम्ही दोघे, दोन मुले, सासू-सासरे, बर्फाची पेटी आणि हिचचे स्वतःचे वजन मिळवा, आणि मग ते स्टिकर वाचा. हिचवर भार कमी पडावा म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ढकलले, तर ट्रेलर हायवेवर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की तो हेलकावा गाडीला रस्त्याबाहेर नेण्याइतका वाढू शकतो. ‘पायलट सहज ओढेल’ हे डीलरच्या पटांगणात खरे वाटते, कारण तिथे गाडी फक्त ओढायची असते. आय-३५ हायवेवर तिला वळवायचे आणि थांबवायचेही असते.

म्हणजे हा ट्रेलर घ्यायचा तर पाठोपाठ पिकअप ट्रक किंवा मोठी एसयूव्ही घेणे आले, आणि मग ३२,००० डॉलर ही खर्चाची केवळ सुरुवात ठरते.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे येते. ‘भाडे म्हणजे पैसे पाण्यात’ ही आपल्या घराघरांत मुरलेली समजूत आहे आणि ती चुकीच्या अनुभवावर उभी नाही. ज्यांच्या आईवडिलांनी पुण्यात कोथरूडला किंवा मुंबईत बोरिवलीला पोटाला चिमटा काढून फ्लॅट घेतला, त्यांनी त्या फ्लॅटची किंमत डोळ्यांदेखत कित्येक पट वाढलेली पाहिली. पण ती वाढ विटांची नव्हती, जमिनीची होती. ट्रेलरच्या खाली जमीन नाही. तो लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, पातळ भिंती, छताला सांध्यांवर फासलेले सीलंट आणि दोन आस यांचा बनलेला असतो. तो पावसात, उन्हात आणि रस्त्याच्या धक्क्यांत झिजतो, आणि डीलरच्या फाटकाबाहेर पडला की त्याची किंमत उतरू लागते. पहिल्या वर्षाची घसरण सर्वांत तीव्र असते. पाच वर्षांनी निम्मी किंमत आली तरी विकणारा समाधान मानतो.

तुमच्या कर्जाचा हिशेब मी मांडून पाहिला. २८,८०० डॉलर, साडेआठ टक्के, १८० हप्ते. हप्ता सुमारे २८४ डॉलर येतो, डीलरने खोटे सांगितलेले नाही. पण पंधरा वर्षांत तुम्ही सुमारे ५१,००० डॉलर भराल, त्यांपैकी २२,००० हून अधिक व्याज असेल. याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. पाच वर्षे न चुकता हप्ते भरल्यावरही तुमच्या डोक्यावर जवळपास २२,९०० डॉलर शिल्लक असतील, आणि ट्रेलर कदाचित १६,००० ते १७,००० ला जाईल. त्या दिवशी विकायची वेळ आली, तर वस्तू हातची जाईल आणि वर सहा हजार खिशातून घालावे लागतील. तुम्ही दोघेही एच-वन-बीवर आहात, म्हणून हे जरा स्पष्ट लिहिते. नोकरी सुटली तर नवी शोधायला किंवा स्टेटस बदलायला साधारणतः जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत घर, मुलांच्या शाळा आणि पुढची वाट यांचा विचार करायचा, की भर डिसेंबरमध्ये कर्जाखालच्या ट्रेलरला गिऱ्हाईक शोधायचे? घराचे कर्ज घेताना तुम्ही हा धोका पत्करला आहे आणि तो पत्करण्यासारखा होता, कारण कुटुंबाला छप्पर लागते. वर्षातून पंधरा-वीस रात्रींसाठी तोच धोका पुन्हा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

रात्रींचा हिशेबही करून पाहू. पाच वर्षे वापरून विकायचा असे धरले, तर टेक्ससचा ६.२५ टक्के कर धरून ३४,००० चा ट्रेलर १७,००० ला जाईल, म्हणजे घसारा वर्षाला ३,४००. सुरुवातीच्या वर्षांचे व्याज सुमारे २,४००. तुमच्याकडे गारांचा मार मोठा असतो, त्यामुळे छताखालची जागा घ्यावी लागेल. तिचे महिन्याला सव्वाशे धरले तर वर्षाचे १,५००. विमा आणि देखभाल मिळून १,२०० धरा. ही बेरीज साधारण ८,५०० डॉलरवर जाते, आणि तिच्यात कॅम्पग्राउंडचे भाडे किंवा पेट्रोल मी धरलेलेच नाही, कारण ते दोन्ही बाजूंना सारखेच लागते. भाड्याचा चांगला कौटुंबिक ट्रेलर विमा आणि शुल्क धरून रात्रीला पावणेदोनशेच्या आसपास पडतो असे मानले, तर वर्षाला जवळपास ४८ रात्री बाहेर काढल्या तरच विकत घेतलेला ट्रेलर भाड्याच्या बरोबरीला येतो. हे माझे अंदाज आहेत. तुमच्या भागातले भाडे आणि स्टोरेजचे दर विचारून तुम्ही ते पुन्हा मांडा. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी तात्पर्य बदलेल असे मला वाटत नाही.

अठ्ठेचाळीस रात्री कुठून आणणार, हे कॅलेंडर समोर ठेवून यजमानांसोबत बसून पाहा. नोकरीतली रजा बहुधा तीन आठवडे. ज्या वर्षी भारतात जायचे, त्या वर्षी ती सगळी तिथेच संपते. शाळेची मार्चमधली सुट्टी एक आठवडा, थँक्सगिव्हिंगचा आठवडा. उन्हाळ्याची सुट्टी लांब असते खरी, पण जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर टेक्ससचे तापमान शंभर फॅरनहाइटवर जाते आणि पातळ भिंतींच्या ट्रेलरमध्ये एकुलता एक एसी दुपारभर घरघरत राहून हरतो. शनिवार-रविवारी मुलांचे फुटबॉल, मराठी शाळा, वाढदिवस. मला तरी पंधरा-वीसच्या पुढे रात्री दिसत नाहीत, आणि त्यांतल्या काही डॅलसपासून दूर आहेत. रॉकी माउंटन किंवा यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहायचे तर इथून ट्रेलर ओढत नेण्यात जाता-येता रजेचे कितीतरी दिवस रस्त्यातच जातात. त्यातून ट्रेलरचे बरेच टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. त्यापेक्षा डेन्व्हरपर्यंत विमानाने जा आणि ट्रेलर तिथे भाड्याने घ्या. ‘आपली वस्तू असली की कधीही निघता येईल’ या वाक्यात हेच सुटते, की तुम्हाला अडवणारी गोष्ट ट्रेलर नाही, रजा आहे.

करवजावटीबद्दल थोडक्यात लिहिते. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेला ट्रेलर दुसरे घर म्हणून गणता येतो आणि त्यावरच्या तारण कर्जाचे व्याज वजावटीत धरता येते, हे खरे आहे. मात्र ते फक्त तुम्ही वजावटी तपशीलवार मांडत असाल तर. २०२५ साठी पती-पत्नींची सरसकट वजावट ३१,५०० डॉलर आहे. तुमच्या घराचे व्याज आणि मालमत्ता कर मिळून तो आकडा ओलांडत असेल, तरच ट्रेलरच्या व्याजाचा उपयोग आहे. आणि तेव्हाही पहिल्या वर्षीच्या २,४०० च्या व्याजावर पाच-सहाशे डॉलर वाचतील, ज्यासाठी २,४०० बँकेला आधी द्यावे लागतील.

दुसऱ्यांना भाड्याने देण्याची कल्पना मात्र मला काळजीची वाटते. आउटडोअर्सी किंवा आरव्हीशेअर यांसारख्या, खाजगी मालकांचे ट्रेलर भाड्याने लावणाऱ्या ऑनलाइन मंचांवर ट्रेलर देणे म्हणजे केवळ भाडे जमा करणे नव्हे. गिऱ्हाइकांना समजावून सांगणे, ट्रेलर पोहोचवणे, परत आल्यावर टाक्या रिकाम्या करून धुणे, मोडलेले दुरुस्त करणे, हे सगळे काम आहे, आणि एच-वन-बीवर ज्या मालकासाठी परवानगी आहे त्याच्याखेरीज दुसरे काम करता येत नाही. गुंतवणुकीवरचे निष्क्रिय उत्पन्न आणि चालवलेला व्यवसाय यांच्यातली रेषा कुठे पडते, हे इमिग्रेशनच्या वकिलाला लेखी विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. ग्रीन कार्डाच्या रांगेत इतकी वर्षे उभे राहिल्यावर दोन-तीन हजार डॉलरसाठी ती जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

आता भाड्याने घ्यायचा तो कसा, हे सांगते, कारण वर्षभराचा हा अनुभव पुढच्या निर्णयाची तयारी म्हणून वापरला तरच त्याचा पुरेपूर उपयोग होईल. पहिली सहल जवळची ठेवा. रे रॉबर्ट्स तलाव किंवा टायलर स्टेट पार्क चालेल. अनेक मालक ट्रेलर स्वतः आणून, पातळी साधून, वीज-पाणी जोडून देतात. कॅम्पग्राउंडला ते चालते का, हे आधी विचारा आणि पहिल्या खेपेला तसेच करा. दुसऱ्या सहलीला पायलटला झेपेल असा लहान ट्रेलर स्वतः ओढा. त्यासाठी गाडीत ट्रेलरचे ब्रेक लावणारा ब्रेक कंट्रोलर आणि विजेची सात पिनांची जोडणी लागेल. रिकाम्या मोठ्या पार्किंगमध्ये तासभर मागे घेण्याचा सराव करा, आणि हा सराव दोघांनीही करा. सांडपाण्याच्या टाक्या डंप स्टेशनवर एकदा स्वतः रिकाम्या करा. त्या कामाचा कंटाळा येतो की नाही, हे दुसऱ्याच्या ट्रेलरवर कळलेले बरे. स्वतःच्या मोटारविम्यात भाड्याच्या ट्रेलरचे नुकसान सहसा भरून मिळत नाही, म्हणून मंचाचे संरक्षण घ्या आणि त्यातली स्वतः सोसायची रक्कम किती, ते वाचा.

स्वयंपाकाचे एक वेगळे सांगावेसे वाटते. अनेक ट्रेलरमधला शेगडीवरचा पंखा हवा बाहेर न टाकता जाळीतून तिथेच फिरवतो. आत मोहरी-हिंगाची फोडणी घातली की धुराचा अलार्म वाजतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो वास गाद्यांत आणि पडद्यांत बसतो. भाड्याचा ट्रेलर असेल तर मालक सफाईचे जादा पैसे लावू शकतो. सकाळचे कांदेपोहे बाहेरच्या टेबलावर, वेगळ्या गॅसवर करा. सासूबाईंना ते घरातल्यापेक्षा जास्त आवडेल, असे मला वाटते.

सासू-सासऱ्यांच्या दृष्टीने एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध हाच खरा काळ आहे. वादळाचा अंदाज तेवढा रोज पाहा. तीस ॲम्पिअरची वीज असलेली, सावलीची जागा घ्या. ट्रेलर निवडताना पलंग भिंतीला लागून आहे का, ते पाहा; तसा असेल तर आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठताना दुसऱ्याच्या अंगावरून यावे लागते, आणि त्या वयात रात्री दोनदा तरी उठणे होतेच. दाराच्या पायऱ्या उंच असतात, तिथे पकडायला दांडा हवा. उन्हाळ्यात डेन्व्हरमार्गे डोंगरात नेणार असाल, तर तिथली कॅम्पग्राउंड आठ हजार फुटांच्या आसपास आहेत आणि रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रस्ता बारा हजारांच्या वर जातो. दोघांपैकी कोणाला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच बेत करा.

वर्षाअखेरीस घ्यायचेच ठरले, तर बाजार तुमच्या बाजूने आहे. महामारीच्या काळात अमेरिकेत आरव्हींची, म्हणजे असे ट्रेलर आणि मोटारघरे यांची, लाट आली होती. २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या, आणि २०२३ मध्ये तोच आकडा सव्वातीन लाखांच्या आत आला. त्या लाटेत घेतलेले आणि नंतर स्टोरेजमध्ये उभे राहिलेले पुष्कळ ट्रेलर आता विक्रीला येतात. असा बारा-चौदा हजारांचा लहान ट्रेलर रोखीने घेतला, तर व्याज नाही, घसारा थोडा, आणि वर्षाला वीसेक रात्रींत तो भाड्याच्या बरोबरीला येऊ शकतो. तेवढ्या रात्री तुम्ही खरोखर काढल्या असतील, तर माझा विरोध मी मागे घेईन.

पण पाहताना पाण्याचा शोध घ्या, कारण ट्रेलरला सर्वांत जास्त मारते ते छतातून झिरपणारे पाणी. बंद कपाटे उघडून वास घ्या. खिडक्यांखाली आणि कोपऱ्यांत भिंत अंगठ्याने दाबून पाहा, बाथरूमपाशी आणि दाराशी पायाखाली जमीन मऊ लागते का ते बघा, शिडी लावून छताचे सांधे तपासा. टायरवर चार अंकी आकडा असतो. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे आणि नक्षी कितीही नवी दिसली तरी तो बदलावाच लागेल. मुक्कामी बाहेर सरकवून जागा वाढवायचा बाजूचा सरकता भाग असेल, तर तो प्रवासात असतो तसा आत घ्यायला सांगा आणि मग आत शिरून पाहा, की फ्रीजपर्यंत आणि शौचालयापर्यंत पोहोचता येते का. वाटेत मुलाला घाई झाली की हा प्रश्न फार महत्त्वाचा होतो. एवढे जमले, की मगच पैसे देऊन स्वतंत्र तपासनीस बोलवा. डीलरने सुचवलेला नको.

जागेचे आरक्षण आजच डोक्यात ठेवा. टेक्ससच्या स्टेट पार्कांत रात्रीच्या जागा पाच महिने आधी खुल्या होतात, म्हणजे मार्चच्या सुट्टीसाठी ऑक्टोबरमध्ये आणि सासू-सासऱ्यांच्या एप्रिलच्या सहलीसाठी नोव्हेंबरमध्ये बसावे लागेल. आधी जागा धरा, मग तिथल्या तारखांना मालकाकडून ट्रेलर मागा. एप्रिलच्या सहलीसाठी ट्रेलर निवडताना पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येते का, हे मालकाला फोटो मागवून विचारा.